धावजीची टाच

माणसाचं तोंड मी नंतर बघतो, आधी पाय बघतो. यात मोठेपणा काही नाही. ढाणकीच्या बसस्टँडसमोर चपलांचं दुकान टाकून बसलेला माणूस दुसरं काय बघणार? झिजलेली चप्पल आतून झिजली की बाहेरून, टाचेला भेगा किती, एवढं बघितलं की गिऱ्हाईक घेणार की नुसता भाव विचारून जाणार ते मला कळतं. धावजी मात्र कितीतरी वर्षं माझ्या दुकानाची पायरी चढलाच नाही. बसमधून उतरून यार्डाकडे जाताना रोज दिसायचा, अनवाणी. मी हाक मारून चिडवायचो, "धावजीभाऊ, माह्या पोटावर काहून पाय देऊन राह्यले? एखादी तरी चप्पल घ्या ना बाप्पा." तो हसून म्हणायचा, "संघदीपभाऊ, माह्या पायात चप्पल पाह्यली त कापूस रुसते."

धावजी कापूस तुडवायचा. बाहेरगावच्या माणसाला हे काम समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगतो. खेड्यातून गाड्यांनी आलेला कापूस व्यापारी यार्डात घेतो आणि ट्रक भरून जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, पाठवतो. ट्रकला चारी बाजूंनी बांबू बांधायचे, बांबूंना पोत्याचे पडदे लावायचे, आणि त्या उंच खोक्यात खालून कापसाची टोपली फेकत राहायची. आत एक माणूस तो कापूस पायांनी दाबत गोल गोल फिरतो. मधला कापूस कोणीही दाबेल. कोपरे टाचेनं भरावे लागतात, टाच मारून मारून. कोपरा पोकळ राहिला तर वळणावर माल एका अंगाला सरकतो आणि ट्रक झुकतो. धावजीनं भरलेला ट्रक झुकला असं आमच्याकडे कोणी म्हटलं नव्हतं. ड्रायव्हर लोक भाड्याला निघण्याआधी विचारायचे, वर कोण होतं? धावजी म्हटलं की बिडी पेटवून गाडी काढायचे.

हे काम अनवाणीच करायचं. कापूस म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर चप्पल घालून कोण चढेल? धावजी चढताना आधी मूठभर कापूस कपाळाला लावायचा, मग पाय टाकायचा. पण पहिला थर पातळ असतो आणि खाली ट्रकचा लोखंडी पत्रा. त्या पत्र्यावर वर्षानुवर्षं टाच आपटलेली. काम झालं की मागच्या फाळक्यावरून खाली उडी, तीही टाचेवर. टाच दुखणार नाही तर काय होणार!

त्याचा जोडीदार खेमसिंग. एकाच बंजारा तांड्यातले, एकाच वयाचे. खेमसिंग खालून टोपलं फेकायचा, धावजी वरून झेलून दाबायचा. पडद्याआडून दोघं एकमेकांना दिसायचे नाहीत, फक्त आवाज. "हां भिया!" असं खेमसिंग ओरडला की टोपलं येतंय हे धावजीला कळायचं. भिया म्हणजे त्यांच्या गोर बोलीत भाऊ; बंजारे स्वतःला गोर म्हणतात. एका ताटात जेवायचे, एका बसने यायचे, एका बसने जायचे. मी दोघांना नवराबायको म्हणायचो आणि दोघंही मला शिव्या द्यायचे.

ही गोष्ट ज्या वर्षांची आहे, तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या पेपरात रोज यायचं. कापसाला भाव नव्हता, माणसं जीव देत होती, कॅमेरेवाले गाड्या भरभरून येत होते. शेतकरी कापूस घरात दाबून बसायचा, भाव चढेल म्हणून. त्यामुळे यार्डात माल कमी, ट्रक कमी. जिथं तुडवणाऱ्या जोड्या ढिगानं होत्या, तिथं एका सेठकडे एकच जोडी उरली. कापसावर पाय देणाऱ्याचा फोटो मात्र कोणी काढला नाही.

धावजीची टाच त्याच्या आदल्या हंगामातच दुखायला लागली होती. झोपेतून उठून पहिला पाय जमिनीला लावला की टाचेत खिळा घुसायचा. थोडं चाललं की कमी व्हायचं, बसून उठलं की परत तेच. घरात तो सकाळी चवड्यावर चालायचा, भिंत धरून. बायको मानीबाईला वाटलं काटा मोडलाय, तिनं सुईनं टाच कोरून काढली. काटा असता तर निघाला असता! धावजीनं सेठला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सेठनं दुसरी जोडी लावली असती. त्यानं फक्त खेमसिंगला सांगितलं.

आणि खेमसिंगनं त्याच्यासाठी केलंही. हे मी मान्य करतो, नाहीतर म्हणाल संघदीप नुसता राग काढतो. पहिली टोपली तो मुद्दाम हळू फेकायचा, धावजीची टाच गरम होईपर्यंत. रुईची पानं तोडून आणायचा, वीट तापवून त्यावर पान ठेवून स्वतःच्या हातानं मित्राची टाच शेकायचा. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पण पुढच्या दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि एक ट्रक भरून धावजीनं खाली उडी मारली, तो बसलाच. उठेना. खेमसिंगनं त्याला पाठुंगळी घेऊन बसमध्ये चढवलं.

त्या संध्याकाळी दोघांचं ठरलं. खेमसिंग म्हणाला, "तू घरी राय भिया. माह्या साळा डोंगरसिंग हाय, त्याले वर चढवतो. सेठ यायच्या आंधी तो पडद्यात जाइन. वर कोन हाय ते सेठ बघतेच कवा? मी म्हनीन धावजीच हाय. तुही जागा राखतो."

धावजीच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. आजच्या काळात भाऊ भावाची जागा राखत नाही, आणि हा राखतोय. त्याला वाटलं, आपलं नाव वर आहे तोवर आपणही वर आहोत.

मानीबाई त्याला पुसदच्या हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि परत येताना पहिल्यांदा माझ्या दुकानात आली. तोंडाची फटकळ बाई. दुकानात पाय टाकल्या टाकल्या डॉक्टरवरचा राग माझ्यावर काढला.

"डॉक्टर म्हन्ते, तळपायाची शीर सुजली. सुई नाई, काई नाई, म्हन्ते अनवाणी पाय टेकवू नका. घरातई चप्पल घाला म्हन्ते! चुलीपुढं चप्पल घालून बसन का हा मानूस?"

मी म्हटलं, "बसू द्या ना माय. चुलीले दुखते का?"

"माहे देव हाय तिथं," ती म्हणाली.

मी नरम रबराची एक जोडी काढली, टाचेखाली आणखी एक रबराचा तुकडा कापून चिकटवला. ती बाहेरसाठी. घरासाठी तिनंच तोड काढली. घरातल्या होत्या नव्हत्या त्या गोधड्या बाजेपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत अंथरल्या. धावजी त्यांच्यावरूनच चालायचा. तांड्यातल्या बायका हसल्या, नवरदेव आणला का म्हणून. मानीबाईनं त्यांना काय उत्तर दिलं ते मला सांगितलं होतं, पण इथं लिहिता येत नाही.

असं दुखणं बरं होणं म्हणजे माणसाची परीक्षाच. जखम असती तर खपली धरलेली दिसली असती. इथं दिसत काहीच नाही. सकाळी पाय खाली टाकायच्या आधी धावजी बाजेवरच पटक्याचं कापड तळपायाला अडकवून बोटं आपल्याकडे ओढायचा. मग भिंतीला हात लावून, एक पाय मागे ताठ ठेवून पोटरी ताणायची. रात्री ओलं फडकं गुंडाळून टांगलेली पाण्याची बाटली सकाळी थंडगार व्हायची, ती तळपायाखाली घेऊन मागेपुढे लोटायची. डॉक्टरनं सांगितलं ते सगळं तो करायचा, शाळेतल्या पोरानं पाढे म्हणावेत तसं. एका आठवड्यात बरं वाटायचं, दुसऱ्या आठवड्यात जैसे थे. होळीला तांड्यात लेंगी नाचायला उभे राहिले तेव्हा त्याला राहवलं नाही. चप्पल काढून फेरात घुसला, दोन फेरे घेतले आणि पुढचा महिनाभर परत चवड्यावर.

तो बाजाराच्या दिवशी माझ्याकडे यायला लागला, रबर झिजलं की बदलून घ्यायला. बसायचा, बोलायचा. एकदा म्हणाला, "मले राग येते, भाऊ. एवढी वर्षं या पायाले मी काई कमी केलं नाई. आन् ह्यानंच दगा द्यावा?" मी म्हटलं, "पाय हाय तो. दगा मानूस देते." सहज बोलून गेलो. तेव्हा मला कुठं काय माहीत होतं!

त्याआधी संक्रांतीच्या सुमाराला सेठचा एक ट्रक पुसदच्या पुढच्या घाटात उलटला होता. ड्रायव्हरचा हात मोडला, कापूस दरीभर पसरला. खेमसिंगनं तांड्यात येऊन धावजीला सांगितलं, ड्रायव्हर पिऊन होता. धावजीला ते खरं वाटलं. न वाटायला कारण काय?

दसरा आला तोवर टाच बरी झाली. डॉक्टरनं दाबून बघितली, चवड्यावर उभं केलं, टाचेवर चालवलं, आणि म्हणाला जपून कामाला लागा. कापसावर अनवाणी चढलात तरी आधी खाली जाड थर पडू द्या, आणि ट्रकवरून उडी मारू नका, लांब पायपीट नको. नव्या हंगामाच्या पहिल्या दिवशी धावजी माझ्या दुकानाशी थांबला. चप्पल काढून पाय वर धरून मला टाच दाखवली, नवी सून दाखवावी तशी. मी दाबली. हू की चू नाही. तो ताठ चालत यार्डाकडे गेला आणि तासाभरात परत आला, तेव्हा मी आधी त्याचे पाय बघितले. पाय ठीक होते. मग तोंड बघितलं.

सेठनं त्याला फाटकातच अडवलं होतं. "लंगड्या पायानं माझ्या गाडीवर चढलास. दुखतंय ते लपवलंस. कोपरे पोकळ ठेवलेस, गाडी घाटात उलटली आणि त्या बिचाऱ्या ड्रायव्हरचा हात घालवलास. आता कुठल्या तोंडानं आलास?"

धावजी म्हणाला, सेठ, मी त्या दिवशी घरी होतो, बाजेवर.

"खेमसिंगनं सांगितलं मला. रडत सांगितलं. म्हणाला, सेठ, त्याची टाच गेली होती, मित्र म्हणून मी बोललो नाही. आणि रोज तूच वर होतास की, तोच सांगायचा."

तेवढ्यात आतल्या ट्रकवरून डोंगरसिंग पडद्याबाहेर डोकावला आणि परत आत गेला. आता तो उजळ माथ्यानं तुडवत होता.

धावजीनं हे सगळं माझ्यासमोर सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. कोपरा पोकळ ठेवला साळ्यानं, आणि गळ्यात बांधला ज्यानं विश्वासानं आपली दुखरी जागा दाखवली त्याच्या! आणि दुखण्याचाच पुरावा केला! मी दुकान उघडं टाकून तडक यार्डात गेलो. सेठला म्हटलं, हा माणूस सबंध हंगाम घरी होता, मी त्याच्या चपलेचं रबर बदलून देत होतो. सेठ म्हणाला, "तू चपला विक. त्याच्या जोडीदारानं सांगितलंय. खेमसिंग स्वतः येऊन म्हणू दे की मी खोटं बोललो, मग बघू."

म्हणजे सगळं खेमसिंगच्या तोंडावर येऊन थांबलं. आणि खेमसिंगचं तोंड कुठं उघडेल? धावजीला एकच जागा ठाऊक होती. तांड्याचा नसाब. नायकासमोर तांडा बसतो आणि न्याय होतो, त्याला ते लोक नसाब म्हणतात. तिथं खोटं बोलायची छाती कुणाची होत नाही. मी म्हटलं, "धावजीभाऊ, पोलिसात चला, नाहीतर खेमसिंगले धरून सेठपुढं उभा करू." तो म्हणाला, "नाई भाऊ. आमच्यात आंधी नसाब. तांड्याले टाकून बाहेर गेलो त मीच खोटा ठरीन."

पुढचं मला मानीबाईनं सांगितलं, कारण मी तांड्याबाहेरचा, कोर, तिथं मला जागा नाही. नायक धरमसिंगनं विचारलं आणि खेमसिंगनं लगेच कबूल केलं. रडला, धावजीचे पाय धरले. ज्या टाचेवर त्यानं सगळं ढकललं होतं तीच टाच धरून रडला. म्हणाला, साळ्याचं नवीन लगीन होतं, सेठनं दोघांनाही हाकललं असतं, तू त घरीच बसला होता. सगळ्या तांड्यानं ऐकलं. धावजीची छाती हलकी झाली. नायकानं खेमसिंगवर दंड म्हणून तांड्याला जेवण लावलं, दोघांना गळाभेट घ्यायला लावली आणि निकाल दिला. हे भांडण तांड्यात मिटलं. यापुढे ते तांड्याबाहेर जो नेईल तो तांड्याचा गुन्हेगार.

मानीबाई मागून ओरडली, "मंग सेठले कोन सांगन?"

तिला बायांनी खाली बसवलं. नायक म्हणाला, गोराची लाज कोरापुढं काढायची नसते. आणि धावजीला तेव्हा उमगलं की ज्या दाराशी तो न्याय मागायला गेला, त्याच दाराआड त्याचं खरं कायमचं बंद झालं. तांड्यातल्या लेकराबाळाला ठाऊक, की ट्रक त्यानं भरला नव्हता. पण तांड्यात कुठं ट्रक भरतात? त्याचं नाव होतं ते यार्डात, ड्रायव्हर लोकांत. तिथं तो गाडी पाडणारा होता आणि राहणार होता.

मला विचाराल तर मी असला निकाल धुडकावला असता. पण मला तांड्यात राहायचं नाही, पोरीबाळींची लग्नं तिथं करायची नाहीत. धावजी दंडाचं जेवण जेवला. खेमसिंगच्या शेजारी बसून जेवला. वाढणाऱ्यानं आग्रह केला तेव्हा त्यानं आणखी घेतलंही. मानीबाई मात्र पानावरून उठून गेली.

त्यानंतर धावजी दुसऱ्यांच्या गाड्यांवरची पोती उतरवायला लागला. आठवड्यातून एखाद दिवस काम मिळायचं. टाच एकदाही दुखली नाही. मला ते बघवत नव्हतं. दुखली असती तर निदान कामावर न जायला कारण तरी झालं असतं.

माघात एक दिवस माझ्या दुकानाशेजारच्या टपरीवर तो चहा घेत होता. संध्याकाळची बस यायची होती. यार्डातून खेमसिंग आला आणि त्याच्या शेजारी बाकावर बसला. नसाब झालेला होता, बसायला हरकत नव्हती. त्यानंच दोन चहा सांगितले. मी दुकानातून बघत होतो, आणि माझं रक्त उकळत होतं. तेवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, चहाचा गिलास घेतला आणि धावजीकडे बघून म्हणाला, "तूच ना बे तो? माह्या भावाचा हात मोडला तुह्यामुळं. आजई गिलास धरता येत नाई त्याले."

धावजीचं तोंड नायकाच्या निकालानं बांधलेलं होतं. त्यानं फक्त मान वळवून खेमसिंगकडे बघितलं. मागितलं काही नाही, नुसतं बघितलं. मला कुठल्या नायकाची बंदी नव्हती. मी बाहेर येऊन बोललो, "तो नाई, दादा. त्या दिवशी हा घरी होता. वर या खेमसिंगचा साळा होता, विचारा याले."

ड्रायव्हर खेमसिंगकडे वळला. "काय रे? खरं हाय का?"

खेमसिंग गिलासात बघत राहिला. हो म्हणायला किती वेळ लागतो? तिथं सेठ नव्हता, नायक नव्हता. एका ड्रायव्हरसमोर, एका टपरीवर, एक शब्द. धावजी अजून त्याच्याकडेच बघत होता. खेमसिंग म्हणाला, "जाऊ द्या ना दादा. जुनी गोष्ट हाय."

ड्रायव्हर धावजीच्या पायांजवळ थुंकला आणि गाडीत जाऊन बसला.

धावजीनं चहाचा गिलास अर्धा भरलेलाच खाली ठेवला. बस आली. दोघांची एकच बस, एकच फाटा, एकच तांडा. खेमसिंग चढला, खिडकीजवळची जागा धरली, नेहमीसारखा शेजारी हात ठेवून जागा राखली. कंडक्टरनं घंटी दिली. धावजी चढला नाही. तो बसच्या पुढून सरळ डांबरी सडकेनं चालायला लागला. तांडा दोन कोस होता. बस त्याच्या बाजूनं हळू झाली आणि खेमसिंगनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून हाका मारल्या, "धावजी! ये ना भिया! येवढं चालू नको, टाच दुखन तुही!"

मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून बघितलं. तो एकदाही मागं न वळता, पूर्ण टाच टेकवत चालत गेला.